भगताची शीर

आसळखेड्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, देव यायचा, तो वना भगताच्या डाव्या कानशिलातून यायचा. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. खंडेरावाच्या ओट्यापासून तीनशे पावलांवर बारा बैलगाड्या एकामागे एक साखळ्यांनी बांधून उभ्या असत. बैल सोडलेले आणि गाड्यांवर जिथं पाय टेकेल तिथं माणसं चढलेली. पहिल्या गाडीचं जू दोन्ही हातांनी धरून वना उभा राहायचा. उघडं अंग हळदीनं पिवळंधमक, डोक्याला लाल पागोटं. डफ वाजत असायचे. पण वनाच्या तोंडाकडे कुणी पाहत नसे, सगळे त्याच्या कानशिलाकडे पाहत. तिथली शीर हळूहळू करंगळीएवढी फुगायची, टणाटणा उडायला लागायची, डोळे लालबुंद व्हायचे, आणि मग गावचे वडीलधारे कौतिक आबा हात वर करून ओरडायचे, "आला रे भो, आला!" डफांचा ताल बदलायचा. वनाच्या दोन्ही काखांत हात घालून त्याला धरणारे दोघे, ज्यांना बगले म्हणतात, ते त्याला पुढे काढायचे आणि बारा गाड्या शे-दीडशे माणसांसकट हलायच्या. मागून आणि बाजूंनी पन्नास जण ढकलत असत ही गोष्ट खरी. पण ती बोलायची नसते.

भुसावळहून एदलाबादकडे जाणाऱ्या रस्त्यापासून हे गाव तीन मैल आत, तापीच्या अंगाला. केळी आणि कापूस, कापूस आणि केळी. गाड्या ओढायचा मान वनाच्या घराण्यात चार पिढ्यांचा. त्याचा आजा सेहेचाळिसाव्या वर्षी बांधावर बसल्याजागी गेला. चुलता अंग सुजून, लघवी बंद होऊन गेला. बाप सुपडू एकोणपन्नासाव्या वर्षी अंगणात चूळ भरता भरता कोसळला, तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं. दुसऱ्या कुठल्या गावात एखाद्याला तरी प्रश्न पडला असता. आसळखेड्यानं त्याची म्हण करून टाकली, 'भगताच्या घरी म्हातारपण नाही.' देव आपल्या माणसाला खाटेवर कुजू देत नाही, सुरकुती पडायच्या आत उचलतो, असं म्हातारेकोतारे मोठ्या कौतुकानं सांगत. सांगणारे ऐंशीचे असत.

बाप गेला तेव्हा वना सव्वीस वर्षांचा होता. पागोटं त्याच्या डोक्यावर आलं आणि गावानं त्याला हरभऱ्याच्या झाडावर जो चढवला तो पुन्हा उतरू दिला नाही. एरवी तो केळीची कटाई करायचा. घड भरला की नाही हे तो हात न लावता, नुसत्या नजरेनं सांगायचा आणि कोयत्याच्या एका घावात उतरवायचा. माणूस अंगानं थोराड, मानेचा आखूड, तोंड कायम तांबारलेलं. भाकरीवर मिरचीचा ठेचा आणि ठेच्यावर वरून मिठाचा खडा, हे त्याचं जेवण. आणि राग असा की नाव काढू नका. सकाळी उठला की मानेपासून टाळूपर्यंत डोकं ठणकायचं, कानात भुंगा गुणगुणायचा, आणि समोर जे येईल त्याच्यावर हात उचलायचा. लोक म्हणत, "भगताचा राग म्हनजे देवाचा राग." लोकांना म्हणायला काय जातं? तो राग पडायचा झुंबरबाईच्या पाठीवर.

झुंबरबाई वनाची बायको. माहेर धुळ्याकडचं, सोनगीरचं. लग्नाला वीस वर्षं झाली तरी तिच्या तोंडातला अहिराणी 'शे', म्हणजे 'आहे', गेला नव्हता, आणि वीस वर्षं आसळखेड्याच्या बायका तिला 'शेवाली' म्हणून चिडवत. ती फार बोलायची नाही. मार खाऊन झाला की चूल पेटवायची.

एका आखाजीला गाड्या ओढता ओढता वनाच्या नाकाचा घोळणा फुटला. हळदीच्या पिवळ्या छातीवर रक्ताची धार. झुंबरबाई पदर घेऊन धावली, तिला बायकांनी मागे ओढलं. धुरपदाबाई नावाच्या म्हातारीनं ते रक्त बोटानं टिपलं आणि नातवाच्या कपाळाला लावलं. मग काय विचारता, जो तो बोट पुढे करू लागला. "भगताच्या आंगात रगत जास्ती हाये, देव थोडं सांडून देते," असा निर्णय कौतिक आबांनी दिला. वनाला त्या दिवशी फार बरं वाटलं. रक्त वाहून गेल्यावर डोकं जरा हलकं झालं होतं एवढंच, पण त्याला वाटलं की देवानं पाठीवरून हात फिरवला.

अठ्ठ्याऐंशी सालच्या पावसाळ्यात त्याच्या उजव्या डोळ्यापुढे धूर यायला लागला. एके दिवशी त्यानं कोवळाच घड उतरवला, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. कटाईवाल्याची नजर गेली म्हणजे भाकरी गेली. भुसावळला एका शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं, तिथं झुंबरबाईनं त्याला जवळजवळ हाताला धरून नेलं. तिथल्या डॉक्टरानं दिव्याच्या नळीतून त्याच्या डोळ्यात पाहिलं आणि पाहतच राहिला. मग त्यानं चष्म्याचा नंबर वगैरे काही काढला नाही. चिठ्ठी लिहून दिली आणि त्याच रस्त्यावरच्या डॉक्टर बऱ्हाट्यांकडे धाडलं.

बऱ्हाटे डॉक्टर वयस्क, तोंडाचे फटकळ. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळून तीनदा हवा भरली आणि तीनदा सोडली.

"वरचा दोनशे वीस, खालचा एकशे तीस," ते म्हणाले.

"जास्ती हाये ना?" वनानं विचारलं. त्याच्या तोंडावर हसू होतं. "आमच्या गावात सगळ्यात जास्ती अशीन."

"हा केळीचा भाव नाही भगत, वर गेला म्हणून खूश व्हायला. वडील आहेत का?"

"नही. एकोनपन्नासात गेले."

"आजोबा?"

वनानं तेही सांगितलं. चुलत्याचंही सांगितलं. डॉक्टरांनी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं. मग त्यांनी त्याला समजेल असं सांगायला घेतलं, आणि झुंबरबाई दाराशी उभी राहून एकेक शब्द गोळा करत राहिली.

"लोक म्हणतात रक्त जास्त झालं. रक्त तेवढंच असतं, भगत, वाट अरुंद झालेली असते. काळजातून निघालेलं रक्त मोठ्या नळीतून धाकट्या नळीत जातं, तिथून केसाएवढ्या बारीक नळ्यांत. त्या बारीक नळ्या तुमच्या आवळल्या आहेत. भिंती जाड झाल्यात. पण पायाच्या अंगठ्यापासून मेंदूपर्यंत रक्त तर पोचवायचंच आहे. मग काळीज काय करतं? जोर लावतं. दिवसाला लाख वेळा. त्या जोरानं भिंतींना मार बसतो, त्या आणखी जाड आणि कडक होतात, वाट आणखी अरुंद होते, काळजाला आणखी जोर लावावा लागतो. कळतंय का? आपणच आपल्या मुळावर उठायचा प्रकार आहे हा. डोळ्याच्या डॉक्टरला तुमच्या नळ्या तांब्याच्या तारेसारख्या दिसल्या. माणूस न फाडता त्याची रक्ताची वाट दिसते ती फक्त डोळ्यात. म्हणून तर तुम्ही इथं आलात."

"काळीज मजबूत झालं अशीन मग," वना म्हणाला.

"झालंय ना. पहिलवानाच्या दंडासारखं जाड झालंय. दंड जाड झाला तर शोभतो. काळीज जाड झालं की आत रक्त भरायला जागा कमी पडते आणि त्याचं त्यालाच रक्त पुरत नाही. मूत्रपिंडांच्या नळ्या गेल्या तर अंग सुजतं, तुमच्या चुलत्याचं सुजलं तसं. आणि मेंदूतली एखादी नळी फुटली की माणूस चूळ भरता भरता पडतो." डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी पुढे सरकवली. "या रोज घ्यायच्या. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. एकदम सोडल्या तर दाब आधीपेक्षा उसळून वर येतो. मीठ बंद. आणि गाड्या बंद. श्वास कोंडून एवढं ओझं ओढलंत तर दाब कुठं जाईल सांगता येत नाही. माझ्या यंत्राची पट्टी तीनशेला संपते."

एवढ्या बोलण्यातलं वनाच्या डोक्यात काय राहिलं? पट्टी संपते, हे राहिलं. एस.टी.त बसल्यावर तो झुंबरबाईला म्हणाला, "पाह्यलं? देव आंगात आल्यावर मशीन बी पुरत नही." पण वरणगाव मागे पडलं तसा तो बोटांवर काहीतरी मोजू लागला. तो चव्वेचाळिसाचा होता आणि एकोणपन्नासला पाच वर्षं उरली होती. आजा तर सेहेचाळिसातच गेला होता. गावात पोचेपर्यंत त्यानं पहिली गोळी पाण्याविना गिळली.

त्यानंतरचं वर्ष हे त्या घरातलं एकुलतं एक चांगलं वर्ष. महिन्याभरात ठणका गेला. वना सकाळी उठायचा आणि मान इकडे-तिकडे वळवून पाहायचा, हरवलेली वस्तू शोधावी तशी. कानातला भुंगा उडाला. रात्री तो झोपायला लागला. दिलेल्या घरी नांदणारी त्याची लेक कुंदा दिवाळीला आली तेव्हा बाप ओट्यावर बसून आईशी गप्पा मारताना पाहून ती दारातच थबकली. त्या वर्षात त्यानं बायकोवर एकदाही हात उगारला नाही. झुंबरबाईनं हे कुणाला सांगितलं नाही. सुखाला दृष्ट लागते, आणि आसळखेड्यात तर दृष्ट लावायला माणसं टपूनच बसलेली.

पुढची आखाजी आली. गाड्या बंद म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ते गावाला कोण सांगणार? वनानं हळद लावली, जू धरलं. डफ वाजू लागले. अर्धा तास वाजले, एक तास वाजले. शीर काही वर येईना. डोळे पांढरेशुभ्र, दुधासारखे. गाड्यांवरची माणसं उन्हानं कावली, पोरं रडायला लागली. शेवटी वनानं देवाची वाट न पाहता जू खेचलं. गोळ्यांनी काळजाला लगाम घातलेला, पन्नास पावलांत त्याचे पाय लटपटले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि बारा गाड्या रस्त्याच्या मधोमध थांबल्या. चार पिढ्यांत पहिल्यांदा. मागच्या गाडीवरून कुणीतरी म्हणालं, "बैल जुंपा रे!" आणि सगळं गाव हसलं. ते हसू वनाच्या काळजात सुरीसारखं गेलं. मार परवडला, पण हसं नको.

पुढच्याच महिन्यात वादळ झालं. भरल्या घडांची केळी पंधरा मिनिटांत आडवी झाली. वादळ सगळ्या तालुक्यात झालं होतं, पण आसळखेड्याला कारण घरातच सापडलं. हिलाल हा वनाचा एक बगला, वीस वर्षं त्याच्या काखेत हात घालून पळालेला. त्यानंच वनाच्या कोनाड्यातली गोळ्यांची पाकिटं पाहिली आणि गावभर केली. ओट्यावर माणसं जमली.

कौतिक आबा म्हणाले, "वना, तुह्या बापानं कधी गोई खाल्ली व्हती का?"

"नही, आबा."

"मंग तुले काबरं लागते? आंगात देव ठेवाचा का डाक्टर ठेवाचा, ते तू ठरव. गोई खानारा भगत आम्हाले नही चालत. हा निंबा उभा हाये."

निंबा म्हणजे वनाचा सख्खा धाकटा भाऊ. तो खरोखरच उभा होता, कोपऱ्यात, नवं धोतर नेसून. वनानं त्याच्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. केळी काढून काढून पाठ मोडली तरी या माणसाला कुणी 'वनाभाऊ' म्हणायचं नाही, 'भगत' म्हणायचे. पागोटं गेलं तर तो मजूर होता, आणि मजूर गावात शंभर होते. त्याला जगायचं होतं, पण वना म्हणून जगणं त्याला ठाऊकच नव्हतं.

नव्वद सालच्या होळीत, सगळ्या गावादेखत, त्यानं गोळ्यांची पाकिटं जाळात टाकली. पागोटं त्याच्याकडेच राहिलं. निंबा पुढे येऊन पाया पडला.

चारच दिवसांत ठणका परत आला, आणि डॉक्टर म्हणाले होते तसा, दुप्पट होऊन आला. पहाटे वना मान धरून उठला, भिंतीला टेकला आणि चक्क रडायला लागला. झुंबरबाई घाबरून धावली.

"आला वं कुंदीची माय, आला!" तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडभर हसू होतं. "मी म्हने गेला कायमचा. आला परत!"

"आहो, ठनकस ते तुमनं डोकं शे," ती काकुळतीनं म्हणाली. "देव नई शे तो. दुखनं शे."

दीड वर्षानंतर त्यानं तिच्या कानाखाली वाजवली. त्याला त्याचाही आनंद झाला. राग परत आला होता, म्हणजे सगळंच जागेवर आलं होतं.

गावची रीत अशी की आखाजीच्या आधी नऊ दिवस भगतानं घर सोडायचं, खंडेरावाच्या ओट्यावर राहायचं. कुणाच्या हातचं शिजवलेलं खायचं नाही. फक्त दूध आणि केळी. बायकोची सावलीही नको. पण केळी घरून यायची, हिलाल ती नेऊन द्यायचा. झुंबरबाई एकटी एस.टी.नं भुसावळला गेली आणि बऱ्हाटे डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन आली. रोज सकाळी ती सहा पिकली केळी निवडायची. बाभळीच्या काट्यानं देठापाशी भोक पाडायची, गोळीचा तुकडा आत सारायची आणि बोटानं साल दाबून टाकायची. शंका येऊ नये म्हणून सहाही केळ्यांत तुकडे, अख्ख्या दिवसाची मात्रा वाटून. निरक्षर बाई, पण तिनं हिशेब चोख केला होता. ज्या केळीनं नवऱ्याचं पोट भरलं तिच्याच पोटातून त्याला चार दिवस जगवलं.

चार दिवस वना अस्वस्थ होता. ठणका उतरत चालला होता. ओट्यावर बसून तो कपाळ बडवून घ्यायचा, शीर चाचपायचा. "थंडी पडून राह्यली रे," तो हिलालला म्हणायचा, घरातलं कुणी मरत असल्यासारखा. पाचव्या दिवशी झुंबरबाईचा हात चुकला की घाई झाली कोण जाणे, एका केळ्यात अर्ध्याऐवजी दोन अख्ख्या गोळ्या गेल्या. वनाच्या दाताखाली कच्च आवाज झाला, तोंड कडू झालं.

तिला ओट्यापुढे आणलं गेलं. पन्नासेक माणसं जमली होती. वनानं चघळलेलं केळं तिच्या तोंडावर थुंकलं.

"देवाच्या तोंडात इख घालते? मले मारते?"

"जगाडस," ती म्हणाली. तिच्या भाषेत 'जगवते'. बायका हसल्या. शेवालीचं बोलणं कायमच हसण्यावारी न्यायचं असतं.

धुरपदाबाई म्हणाली, "इख नही ना? मंग खाय तूच."

आणि तिला खायला लावलं. उरलेली पाच केळी, एकामागे एक, सालं सोलून तोंडात कोंबत. वर तिच्या पदराच्या गाठीत सापडलेल्या गोळ्याही कोंबल्या. झुंबरबाईचं रक्त तिच्या वाटेनं नीट चाललेलं होतं. त्याला कुणी आवरायची गरजच नव्हती. अर्ध्या तासात तिचा दाब इतका खाली गेला की मेंदूपर्यंत रक्त चढेना. उठायला गेली आणि सगळ्यांदेखत धुळीत कोसळली. ओठ पांढरे, अंग गार, घामानं भिजलेलं.

"पाह्य!" कौतिक आबा म्हणाले. "इखच व्हतं."

यापुढे आणखी पुरावा तो कोणता हवा? तिला घरी नेऊन टाकलं, ती दुसऱ्या दिवशी दुपारी धड उभी राहिली. पण त्याआधी, ती धुळीत पडलेली असतानाच, वनानं ओट्यावर उभं राहून शब्द दिला होता, किंवा हुकूम म्हणा. "हिले आखाजीले ओट्यापाशी येऊ देऊ नका. मी मरून राह्यलो तरी हिले माह्या जवय येऊ देऊ नका. भगताची आन हाये." गावानं हात जोडून ती आण घेतली. भगताचा एवढा एक शब्द आसळखेड्यानं अक्षरशः पाळला.

आखाजीला सोन्यासारखं ऊन पडलं होतं, अंगाची लाही करणारं. दुपार कलली तशी माणसं गाड्यांवर चढली. पाच दिवस पोटात एकही गोळी नाही, पाण्याचा घोटही बेतानं. वनानं जू धरलं आणि डफावर दुसरी थाप पडायच्या आत शीर वर आली. अशी आली की बगले दचकले. डोळ्यांत पांढरं म्हणून उरलं नाही. कौतिक आबांना ओरडायचीही गरज पडली नाही. वनानं श्वास कोंडला, दातांवर दात रोवले आणि खेचलं. गाड्या अशा निघाल्या की ढकलणारे मागे पडले. दीडशे पावलं, दोनशे, अडीचशे. माणसं टोप्या उडवत होती, बायका रडत होत्या. वनाला कानात फक्त स्वतःच्या रक्ताचा आवाज येत होता, आणि त्या आवाजापलीकडे कुणी हसत नव्हतं. त्याच्या सगळ्या आयुष्यात एवढा आनंद त्याला कधी झाला नसेल. तीनशेव्या पावलाला त्यानं जू सोडलं, ओट्याच्या पायरीवर डोकं टेकवलं आणि आत, डाव्या बाजूला, केसाएवढी एक नळी फुटली.

तो उजव्या अंगावर लवंडला. त्याला उठायचं होतं. उजवा हात आपला आहे हेच त्याला समजेना. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला, लाळ गळू लागली. "पानी" म्हणायचं होतं, बाहेर आली ती घुरघुर.

"समाधी लागली!" कौतिक आबांनी हात जोडले. "एवढा देव सुपडूले बी आला नव्हता. कोनी हालवू नका. दर्शन घ्या."

रांग लागली. माणसं येत होती, त्याच्या पायांवर डोकं ठेवत होती, कपाळाला भंडारा फासून पुढे जात होती. वनाला सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं. डोक्यात काहीतरी भरत चाललं होतं, आतून कुणीतरी कवटी ढकलत होतं. पण शब्द नव्हते. आणि मग गर्दीपलीकडून त्याला झुंबरबाईचा आवाज आला. निंबानं आणि हिलालनं तिला दोन्ही दंडांना धरून अडवलं होतं.

"यास्ले लकवा उना शे! तोंड वाकडं व्हई गयं, तुम्हले दिसत नई का? एक गाडी सोडी द्या रे भाऊ, भुसावयले लई जाऊ द्या!"

"वयनी, भगताची आन हाये," निंबा म्हणाला.

"बारा गाड्या उभ्या शेत! एक द्या!"

बारा गाड्या खरोखरच उभ्या होत्या, हाताच्या अंतरावर, आणि बैल चिंचेखाली वैरण खात होते. पण देवाच्या गाड्या आखाजीला सुटत नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली की सुटतात. हे तिला समजावून सांगण्यात आलं. समजावून सांगताना कुणी तिच्यावर ओरडलं नाही, उलट सगळे फार शांतपणे बोलले. तिला अडवणाऱ्या हातांची पकड मात्र सुटली नाही. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर वनाला भुसावळला नेलं, आणि तो खाटेवर, एका अंगानं, न बोलता अकरा महिने कुजला आणि गेला. म्हातारपण नव्हतं एवढी गोष्ट मात्र खरी ठरली.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी वनानं तिचा आवाज ऐकला आणि त्याला कळलं की आपल्याला ती हवी आहे. देव नको, पागोटं नको, ती हवी. सोडा तिला, गाडी जुंपा, मीच सांगितलं होतं आणि मीच आता सांगतो आहे. अंगात उरलंसुरलं जे होतं ते त्यानं डाव्या हातात आणलं. हात थरथरत वर उठला. बोटं तिच्या दिशेनं वळली, ये म्हणून.

"आशीर्वाद देऊन राह्यला!" धुरपदाबाई किंचाळली, आणि नातवाला पुढे ढकलून तिनं त्याचं डोकं त्या हाताखाली दिलं. मग दुसरं डोकं आलं, मग तिसरं. हात खाली पडू लागला तेव्हा हिलाल झुंबरबाईला सोडून धावत आला आणि त्यानं तो खालून धरून ठेवला. झुंबरबाई दोन पावलं पुढे आली, तेवढ्यात निंबानं तिला पुन्हा मागे ओढलं. अंधार पडेपर्यंत रांग गावच्या शाळेच्या पलीकडे गेली होती.